नव्या घराची जमीन

रोह्यास आमच्या पुतण्यानें घर बांधावयास घेतलें आहे. जोतें झालें, भिंती उभ्या राहिल्या आणि मग वाद निघाला तो जमिनीचा. चिरंजीवांस आरशासारखी मोठमोठी लादी हवी. सूनबाईंनीं मुंबईस कोठें घोटीव सिमेंटचा कोबा पाहिला होता, तो त्यांच्या मनांत भरलेला. निवाड्यासाठीं आम्हांस पेणहून बोलावणें आलें. जातांना आम्हीं थोरल्या वहिनींस बरोबर घेतलें, आणि तें सहेतुक होतें.

वहिनींचें वय ऐंशीच्या पुढें. दोन पावसाळ्यांपूर्वीं पेणच्या घरीं गुळगुळीत लादीवर त्यांचा पाय घसरला व खुब्याचें हाड मोडलें. त्या दिवशीं कोणीं पाणी सांडलें नव्हतें. ज्येष्ठांतला दमट, उबदार वारा गार जमिनीस लागला कीं जमिनीला घाम येतो, हें कोंकणांत कोणास ठाऊक नाहीं? ती लादी आम्हींच पसंत केली होती, हेंही येथें लिहिलें पाहिजे.

कोबा आपणांस नवा नव्हे. अमरकोशांत बांधीव जमिनीस 'कुट्टिम' असा शब्द आहे. त्यांतील धातूचा अर्थ कुटणें. चुन्याचा जुना कोबा तसाच चोपून चोपून करीत. पुढें सिमेंट आलें. सन १९२२ मध्यें स्वदेशीच्या प्रेरणेनें निघालेल्या भारत फ्लोअरिंग्ज ह्या कंपनीचा सिमेंटच्या लाद्यांचा कारखाना आजच्या रायगड जिल्ह्यांतच, उरण येथें होता. आतांचा घोटीव कोबा मात्र यंत्रानें होतो. पक्क्या झालेल्या काँक्रीटवर हिऱ्याच्या चकत्या फिरवितात, आधीं भरड, मग बारीक. मध्यें सिलिकेटचा द्रव जिरवितात. तो सिमेंटांतील सुट्या चुन्याशीं मिळून पृष्ठभाग कठीण करतो. सांधे थोडे, केर काढणें सोपें. सूनबाईंची निवड आम्हांस मनापासून आवडली.

स्वयंपाकघरापुरती मात्र नाहीं. लिंबू, चिंच, कोकमाचें आगळ हीं सिमेंटास खातात, आणि हळदीचा डाग मुरला कीं मुरलाच. (शहाबादी फरशी चुनखडीचीच; तीही आंबटास भिते.) तेथें खरबरीत, भाजलेली लादी घालावी, असें आम्हीं सांगितलें.

परंतु खरी गोष्ट चकाकीच्या खालीं असते. आमच्या पेणच्या पडवीचा कोबा एका कंत्राटदारानें खाडीची न धुतलेली रेती घालून केला व चार दिवस पाणी मारून निघून गेला. वर्षाच्या आंत त्यास भेगा पडल्या, लोणा फुटला. म्हणून रोह्यास आम्हीं आधीं रेती जिभेवर ठेवून पाहिली. गवंडी हंसला, हंसो बापडा. मुरूम धुमसून बसवावा, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा म्हणजे खालची ओल वर चढत नाहीं, मोठ्या खोलींत पट्ट्या घालून चौकोन पाडावे, निदान सात दिवस पाणी खेळतें ठेवावें आणि घोटाई अठ्ठावीस दिवसांनंतर करावी, इतकें त्याच्याकडून कबूल करून घेतलें.

येथेंच घोडें अडलें. वास्तुशांतीस अक्षय्यतृतीया ठरलेली. हिशेब केला तों कोबा तेव्हां जेमतेम पंधरा दिवसांचा होणार. चिरंजीव म्हणाले, "काका, मुहूर्त कसा मोडायचा?" आयुष्यभर पंचांग उघडून ज्यांनीं दुसऱ्यांस मुहूर्त सांगितले, त्यांनाच हा प्रश्न! आम्हीं पंचांग मागवून ज्येष्ठांतला दिवस काढून दिला.

कारागिरानें नमुन्याचे दोन चौकोन करून ठेवले होते; एक आरशासारखा, दुसरा थोडा कमी घोटलेला, मंद तुकतुकीचा. वहिनींनीं दोहोंवर तांब्याभर पाणी ओतविलें, चपला काढल्या आणि पुतण्याचा हात धरून पहिल्यावर पाऊल टेकलें न टेकलें तोंच मागें घेतलें. दुसऱ्यावर त्या दोन्ही पायांनीं उभ्या राहिल्या. मग हात सोडून काठीनें तो चौकोन ठोठावीत म्हणाल्या, "भावोजी, माझा पाट इथं मांडायला सांगा."