कागद पुण्यात, ओटीपी बार्शीत

प्रवेशाचा मोसम आला की बार्शीच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीला ठरावीक गर्दी असते. पाठीला सॅक, हातात प्लास्टिकची फाइल, सोबत वडील नाहीतर मामा. अलीकडे ही फाइल बारीक होत चाललीये, कारण ‘सगळं मोबाइलमध्ये आहे’. वाक्य खरं आहे, पण अर्धंच. कागदाची प्रत असणं वेगळं आणि परगावात, ऐन वेळी ती उघडता येणं वेगळं.

कागद मोबाइलमध्ये जाण्यामागे सरकारी धोरणही आहे. २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू झालं. २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन डिजिलॉकरमधून दिलेल्या कागदपत्रांना मूळ प्रतीइतकाच दर्जा मिळाला. इथे एक बारकावा बरेच जण विसरतात. हा दर्जा बोर्डाने किंवा सरकारी खात्याने थेट पाठवलेल्या कागदाला आहे. आपणच फोटो काढून अपलोड केलेली गुणपत्रिका ही नुसती झेरॉक्स. तरीही सोय मोठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सीनाकाठच्या गावांत पुराचं पाणी घरांत शिरलं. अशा वेळी ट्रंकेतल्या एकुलत्या एका फाइलवर विसंबणं किती महागात पडू शकतं, हे वेगळं सांगायला नको.

अडचण आहे ती किल्लीची. समजा, स्वारगेटला उतरताना फोन गेला आणि उद्या कॅप राउंडमध्ये मिळालेल्या कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख आहे. डिजिलॉकरमधले कागद सुरक्षितच आहेत. कुणाच्याही फोनवरून ते उघडता यायला हवेत. पण लॉगिनला पिनसोबत ओटीपी लागतो आणि तो जातो हरवलेल्या सिमवर. मग गॅलरीत जाऊन त्याच नंबरचं नवं सिम काढलं, तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. दूरसंचार विभागाने २०२२ च्या अखेरीस हा नियम केला, कारण दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून बँक खाती साफ करणाऱ्या टोळ्या वाढल्या होत्या. नियम योग्यच आहे. पण ज्याची मुदत उद्या संपतेय, त्याला हे २४ तास जड जातात.

फोन हरवला नाही तरी काही जण अडकतात. आपल्याकडे अनेकांच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. मुलगी पुण्यात काउंटरवर उभी, वडील शेतात, तिथे रेंज नाही, आणि ओटीपीचा जीव काही मिनिटांचा. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेने आलेल्या माणसाला कुर्डुवाडीत उतरून मोठ्या गाडीत बसावं लागायचं. ती गाडी चुकली की पुढचा प्रवास अडला. ओटीपी हे आजचं कुर्डुवाडी जंक्शन आहे.

दुसरी गोची जागेची. गूगलची फुकट १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. कॉलेज ग्रुपवरचे व्हिडिओ साठत जातात, जागा संपते, आणि मग नवे मेलही येणं थांबतं. त्यात प्रवेशाचा मेलही आला.

तिसरी गोष्ट झेरॉक्सच्या दुकानाची. परगावात प्रिंट हवी म्हणून आपण आधार अनोळखी नंबरवर व्हॉट्सॲप करतो. प्रिंट घेऊन आपण निघतो, फाइल त्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. जिथे चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं आणि निघताना फाइल समोर डिलीट करून घ्यावी.

यातलं बरंचसं निघण्याआधी अर्ध्या तासात होतं. गूगल खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये टू-स्टेप सुरू करून दहा बॅकअप कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो, पण तेव्हा सिम लागत नाही. ते कागदावर लिहून फोनपासून वेगळे ठेवा, पाकिटात म्हणा किंवा आईकडे. गरजेच्या आठ-दहा पीडीएफ पेन ड्राइव्हवर घ्या, पासवर्ड लावून. तोच संच घरच्या एखाद्या विश्वासू माणसाच्या फोनमध्येही असू द्या. आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. आणि एकदा तालीम करा : आपला फोन बंद ठेवून, मित्राच्या फोनवरून बारावीची गुणपत्रिका उघडून दाखवा. उघडली नाही, तर अडचण कुठे येते ते बार्शीतच कळेल. मूळ कागद मात्र सोबत न्याच, बरीच कॉलेजं ते अजून बघायला मागतात.

पण सगळं ओझं विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. प्रत्येकाकडे स्वतःचा फोन, स्वतःचा नंबर आणि कायम रेंज आहे, असं ही व्यवस्था गृहीत धरते. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांचं तसं नसतं. सरकारचाच एक नियम एसएमएस २४ तास बंद ठेवत असेल, तर फोन हरवल्याची पोलिसांकडची नोंद दाखवणाऱ्याला प्रवेश प्रक्रियेने निदान तेवढी मुदत द्यायला हवी. विद्यार्थी संघटनांनी आणि कॉलेजांच्या प्राचार्यांनी सीईटी सेलकडे हे मागावं. मागणी साधी आहे, खर्चही फारसा नाही, आणि एखाद्याचं वर्ष त्यावर अडलेलं असू शकतं.