बुगाटी आणि आमचा डबा

परवा नातू मला बुगाटी टाइप 35 या जुन्या शर्यतीच्या गाडीचे फोटो दाखवत होता. निळाशार रंग, पुढे घोड्याच्या नालेसारखी जाळी... मग अंगणातल्या आमच्या वॅगन-आरकडे बघून म्हणाला, "आजोबा, आपली गाडी म्हणजे अगदीच डबा!" हसू आलं, पण विषय डोक्यातून जाईना.

आकडे काढून बघितले. टाइप 35 पहिल्यांदा धावली 1924 साली, फ्रान्समध्ये ल्योंच्या शर्यतीत. इंजिन दोन लिटरचं, आठ सिलिंडरचं, शक्ती सुमारे 90 अश्वशक्ती. आमच्या गाडीचं इंजिन 1.2 लिटरचं, सिलिंडर चार, आणि शक्ती? तीही 90 च्या आसपासच! वजनातही फार अंतर नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या घोड्याची ताकद घेऊन मी मंडईत भाजी आणायला जातो.

मग फरक कुठे? चूक पोटात घालण्यात. बुगाटीचे ब्रेक तारेने ओढले जात, डोक्यावर छप्पर नाही, कमरेला पट्टा नाही. चालवणाऱ्याने चुकायचंच नाही, ही तिची अट.

चेकोस्लोव्हाकियाच्या एलिश्का युन्कोव्हा ती अट पाळणाऱ्या. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीचा डोंगरी रस्ता त्यांनी आधी पायी चालून लक्षात ठेवला होता. 1928 साली तिथे त्या बुगाटी चालवून पाचव्या आल्या. त्याच वर्षी जुलैत त्यांचे पती चेनेक जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगच्या शर्यतीत बुगाटी चालवताना अपघातात गेले. बाईंनी शर्यती सोडल्या.

आमची गाडी अशी अट घालत नाही. गेल्या पावसाळ्यात घाटात अचानक गुरं आडवी आली. मी घाबरून ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. पण एबीएस होतं, त्यामुळे चाकं जाम झाली नाहीत, स्टिअरिंग वळलं आणि गाडी बाजूला घेता आली. माझ्याकडे नसलेलं कौशल्य गाडीने पुरवलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे सामान्यांच्या गाडीत यायला इतका उशीर का व्हावा? आपल्याकडे एबीएस आणि चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली 2019 मध्ये. शेजारी बसणाऱ्याच्या एअरबॅगसाठी 2022 उजाडावं लागलं. तोवर जो जास्त पैसे मोजेल त्याचा जीव मोलाचा! आमच्या आधीच्या गाडीत सौ. अकरा वर्षं एअरबॅगशिवाय माझ्या शेजारी बसली. तेव्हा मला ते खटकलंही नाही, याची आता लाज वाटते.

असो. नातवाला म्हटलं, बुगाटी देखणी आहे यात वाद नाही, तिचं चित्र भिंतीवर लाव. पण तुझ्या आजीला घेऊन घाट उतरायचा असेल, तर मी आपला डबाच काढीन.

बघा, पटतंय का.