नोंदवहीवर भाकरी नको



गेल्या हंगामात उसाची लागण तारीख तपासायला मी शेतकी ऑफिसात गेलो होतो. दुपारचा दीड वाजला होता. नोंदणी कारकून डबा खात बसले होते. कुठे? तर ऊस नोंदीच्या रजिस्टरावर! वर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर ज्वारीची भाकरी आणि तेल घातलेला ठेचा. मला पाहून बिचारे ओशाळले. "या काका, बसा की," म्हणाले. पण बसायला दुसरी खुर्चीच नव्हती. "जेवून घ्या बापू, मला काही घाई नाही," असे म्हणून मी बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो.

परत आल्यावर पान उघडले, तर नेमका माझ्या ओळीवर तेलाचा डाग. तारीख ३ की ८? त्यांनाही कळेना, मलाही कळेना. शेवटी चिटबॉयच्या वहीवरून खात्री केली.

हल्ली नोंदी संगणकात जातात, हे मान्य. पण बांधावरची नोंद आमच्याकडे आधी कागदावरच उतरते. लागण तारखेवर तोडीचा क्रम ठरतो. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, रान वेळेवर मोकळे होत नाही. तेव्हा त्या एका डागाची किंमत सभासदाच्या खिशातून जाते, हे ध्यानात घ्यावे.

गंमत अशी, की शेतकी ऑफिसच्या शेजारीच एक खोली आहे. दारावर 'विश्रांती कक्ष' अशी पाटीही आहे. आत काय आहे? मोडक्या खुर्च्या, बंद पडलेला पंखा, जुन्या फायलींचे गठ्ठे आणि मागच्या सभांचे कापडी फलक. विश्रांती घेतात ती उंदरं!

हा विषय मी काही सभासदांजवळ काढला, तर एक जण फटकन् म्हणाले, "आधी उसाला भाव द्या म्हणावं, खोल्या कसल्या सजवता?" त्यांचा राग मी समजू शकतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, ही आपली पहिली मागणी आहे आणि राहील. पण ते बिल ज्या नोंदींवरून निघते, त्या लिहिणारा माणूसही जागेवर हवा ना? या खोलीवर वाचवलेल्या रुपयांनी टनाला भाव वाढणार नाही. दात कोरून पोट भरत नाही.

शिवाय ही काही मेहरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत विश्रांतीची व डबा खाण्याची खोली सक्तीची केली होती. ती खोली उजेडाची, हवेशीर, थंड आणि स्वच्छ असावी, पिण्याच्या पाण्याची सोय असावी, असेही त्यात होते. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेने त्या कायद्याची जागा घेतली. पण कायदा बदलला म्हणून माणसाची तहान-भूक बदलत नाही.

आता खर्चाचे बोलू. माझ्या मते २० हजार रुपयांच्या वर जायची गरज नाही. मात्र क्रम चुकवू नये.

पहिले काम फुकटचे : खोली रिकामी करा. फायली रेकॉर्ड रूमला, मोडके सामान भंगाराला. भंगाराची नोंद करूनच, नाही तर लेखापरीक्षणात दुसरेच उभे राहायचे.

दुसरे, छप्पर. नांदेड-लातूरचे ऊन सांगायला नको. कारखाना बंद असला तरी मे महिन्यात ऑफिस चालूच असते आणि पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. रस निवळायला आपण चुना वापरतोच. त्यातलाच थोडा डिंक मिसळून पत्र्याला वरून दोन हात मारावा. पांढरे छप्पर ऊन परतवते. अहमदाबादेत गरीब वस्त्यांच्या छपरांना असाच पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम महापालिकेने राबवला आहे. पावसात चुना धुऊन जाईल. मग दर वर्षी शिमग्यानंतर पुन्हा हात मारायचा. भिंतीच्या वरच्या अंगाला एक झरोका पाडला, की गरम हवा बाहेर जाईल. पंख्याची दुरुस्ती आपला वायरमन करील.

तिसरे, पाणी. दोन रांजण, झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे एवढे पुरे. हात धुण्याची जागा रांजणापासून लांब ठेवावी. जुन्या कायद्यात हे अंतर सहा मीटर होते. ते सांडपाणी लिंबाच्या आळ्यात सोडावे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस विसरून चालणार नाही.

चौथे, बाकडी. ऑफ सीझनमध्ये वर्कशॉपमधल्या वेल्डरांना स्टोअरमधले जुने अँगल द्या, वर फळ्या ठोका. दोन बाकडी आत आणि एक बाहेर ओसरीत, आमच्यासारख्या ताटकळणाऱ्या सभासदांसाठी. रंगरंगोटी आणि घड्याळ पैसे उरले तर.

आता खरी गोष्ट. खोली होईल, उद्घाटनाचा नारळही फुटेल. पण पुढच्या दिवाळीपर्यंत ती पुन्हा अडगळ होऊ नये यासाठी काय? माझ्या मते उपाय एकच : साहेबांनीही आपला डबा तिथेच खावा. शेतकी अधिकारी त्या बाकड्यावर बसले, की बंद पंखा दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो आणि रांजण रोज घासला जातो. साहेबांची खोली वेगळी आणि कारकुनाची वेगळी असली, की एक थंड राहते आणि दुसरीत फायली साठतात. सहकार हा शब्द आपण भाषणात पुष्कळ वापरतो. तो जेवायच्या जागेवरही दिसला पाहिजे.

संचालक मंडळाने येत्या बैठकीत याचा विचार करावा आणि बॉयलर पेटण्याआधी काम उरकावे, ही नम्र विनंती. पुढच्या हंगामात मी नोंद पाहायला येईन. तेव्हा रजिस्टरात शाई दिसावी, ठेचा नको.



— एक ऊस उत्पादक सभासद