परसबागेचे वर्ष वैशाखापासून मोजावे

मृग नक्षत्राची पहिली सर पडली की जानेफळसारख्या गावी घरोघरच्या परसात कुदळ वाजू लागते. शेतात कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या पेरणीची घाई असते; तरीही ज्याला बागेची हौस आहे असा गृहस्थ पहाटे तासभर काढतो, मागच्या अंगणातील दगडगोटे वेचतो, तुराट्यांचा कूड घालतो आणि गुंठाभर जागेत जे जे बी हाती येईल ते ते टाकून मोकळा होतो. भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, दोडका, कारले, काकडी, भोपळा, शिवाय मिरची-वांग्याची रोपे. पावसाच्या पाण्यावर सर्व काही उगवते. पाहणारे कौतुक करतात आणि हौस दुणावते. हाच गृहस्थ पुढील चैत्रात त्या वाफ्यांकडे पाठ फिरवून बसलेला दिसतो, आणि कुडाची तुराटी एकेक करून चुलीत गेलेली असते. दरवर्षी ही बाग मृगात जन्मते व होळीच्या सुमारास मरते. तिच्या मरणाचे कारण आळस हे नव्हे. बागेचे माप चुकीच्या ऋतूत घेतले जाते, हे त्याचे कारण होय.

पावसाळ्यात परसबाग करणे फारसे अवघड नाही, आणि तेथे हौशी माणसास सांगावे असे थोडेच आहे. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, यासाठी वाफे जमिनीपासून वीतभर उंच असावेत. वेल कुडावर किंवा मांडवावर चढवावेत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या, म्हणजे हळद्या आला असे समजून ते झाड लागलीच उपटावे; पांढरी माशी तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि दया दाखविल्यास सर्व वाफा जातो. परभणीच्या कृषि विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण एके काळी या रोगास चांगला टिकत असे; आता त्यावरही निर्धास्त राहून चालत नाही. काकडी-दोडक्याची फळे फळमाशीने सडतात, ती वेलाखाली पडू न देता खोल पुरावीत. वानरांचा उपाय मात्र अद्याप कोणास सापडलेला नाही.

श्रावण-भाद्रपदात उत्पन्न इतके येते की शेजारी दोडके घेईनासे होतात. हस्ताचा पाऊस सरला की बागेचा खरा चांगला काळ येतो. मेथी, पालक, मुळा, शेपू, चाकवत, आणि वऱ्हाडात ज्यास सांबार म्हणतात ती कोथिंबीर, ही सर्व थोड्या पाण्यावर येतात. थंडीमुळे कीडही कमी असते. वालाच्या शेंगांवर मावा दिसल्यास लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजत घालून, सकाळी गाळून तो अर्क फवारावा. घरच्या भाजीस याहून तीव्र औषध लावण्याचे प्रयोजन नाही. संक्रांतीपर्यंत असे सुखाने चालते. त्यानंतर विहिरीचे पाणी उतरू लागते.

येथून पुढचा हिशेब बहुतेक हौशी माणसे करीत नाहीत. तो कागद-पेन्सिल घेऊन करण्यासारखा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०० चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, म्हणजे निसर्गाने हजार लिटर पाणी विनामूल्य घातले. जुलैत ही देणगी वारंवार मिळते आणि माणूस ती आपल्या बागायतीच्या खात्यावर मांडतो. मे महिन्यात घाटावरच्या या भागात उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला १० मिलिमीटरांहून अधिक आटते. त्या उन्हात पुऱ्या वाढीच्या भाजीपाल्यास चौरस मीटरामागे रोज सात-आठ लिटर पाणी लागते असे धरले, तर गुंठाभर बागेस रोज ७०० ते ८०० लिटर पाहिजे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे वैशाखात एका गुंठ्याची भाजी जगवावयाची, तर तेरा-चौदा माणसांचे संपूर्ण पाणी तिला द्यावे लागेल. पाच माणसांच्या घरात हे पाणी यावे कोठून?

ते घागरीने येते, आणि घागर कोणाच्या डोक्यावर असते हे सांगावयास नको. मृगात बाग लावणारा गृहस्थ असतो. चैत्रात ती शिंपणारी त्याची सून किंवा मुलगी असते. नळ दिवसाआड, किंवा त्याहूनही उशिरा येत असता वाफ्यांसाठी आणखी चार खेपा करणे तिने नाकारले तर बाग मरते, आणि दोष मात्र घरच्यांच्या निरुत्साहास दिला जातो. परसबागेच्या प्रसाराचे आराखडे बहुधा गुंठ्याच्या चौकोनात नीट आखलेले असतात; कोणत्या वाफ्यात कोणते पीक हे त्यांत असते, परंतु मे महिन्यातील पाण्याचा स्तंभ त्यांत सहसा नसतो. तो स्तंभ प्रथम लिहावा आणि आराखडा मागाहून काढावा.

पाच माणसांच्या घरी स्नान, भांडी व कपडे यांचे सांडपाणी उन्हाळ्यातही रोज १०० लिटरांच्या आसपास निघू शकते. नवी खेप न करता मिळणारे पाणी ते एवढेच. वाफ्यांवर सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटे जाड थर पसरला, दुपारच्या उन्हापुरता तुराट्यांचा विरळ मांडव केला आणि पाणी संध्याकाळी दिले, तर चौरस मीटरास सहा-साडेसहा लिटरांत भागते. म्हणजे वैशाखातील बाग सुमारे १५ चौरस मीटरांची. दहा फूट रुंद व सोळा फूट लांब. गुंठ्याचा जेमतेम सातवा हिस्सा. हौशी माणसास हा आकडा अपमानास्पद वाटेल. तथापि बाग बारमाही ठेवावयाची असेल, तर तिचे कायमचे घर एवढेच. उरलेला गुंठा हे पावसाळ्याचे व हिवाळ्याचे माहेर समजावे आणि माघाअखेर तेथील वाफे विनासंकोच मोकळे करावेत.

सांडपाण्याविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. कपडे धुण्याच्या पावडरीतील सोड्याने काळी जमीन चिकट व टणक होते. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतील सोडियम काय करतो हे बुलढाणा जिल्ह्यास ठाऊकच आहे. यासाठी साबणाचे पाणी गोटे व वाळू भरलेल्या चरातून केळ आणि कर्दळ यांच्या आळ्यांत सोडावे. स्नानाचे व भांड्यांचे पाणीही त्याच रीतीने गाळून वाफ्यांच्या मुळाशी द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर ते कधीही शिंपडू नये.

थोड्या जागेत पुष्कळ पिकविता येते, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे तो गावोगाव नेला; पानावर पडणारा सूर्यप्रकाश हे त्यांच्या हिशेबातील मोठे भांडवल होते. जानेफळास सूर्यप्रकाशाची वाण कधीच नाही. येथे जे दुर्मिळ आहे त्यापासून, म्हणजे पाण्यापासून, हिशेबास आरंभ केला पाहिजे, एवढाच फरक.

बियाण्याचीही तीच कथा. हौशी माणूस दर मृगात रंगीत पाकिटे विकत आणतो. संकरित वाणाचे बी धरून पुढील वर्षी पेरले तर मूळचे गुण तसेच उतरत नाहीत. त्यामुळे पाकिटाची खरेदी संपत नाही, आणि ज्या वर्षी हात आखडतो त्या वर्षी बाग लागत नाही. अकोले तालुक्यातील (वऱ्हाडातील अकोला नव्हे) कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरी गावरान बियाण्याचा संग्रह केला, वालाच्या कित्येक जाती राखल्या आणि ते बी इतर स्त्रियांच्या परसांत पोहोचविले. २०२० सालच्या पद्मश्रीने त्या कार्याचा गौरव झाला. तो प्रदेश सह्याद्रीच्या कुशीतील, पावसाचा. तेथील वाण येथे जसेच्या तसे आणण्यात अर्थ नाही. परंतु चैत्राचे ऊन सोसून जी चवळी किंवा जो तांदुळजा जानेफळच्या परसात टिकला, त्याचेच बी धरले तर निवड आपोआप होते. श्रावणातील भरघोस वेलाचे बी सर्वच धरतात; उन्हाळ्यात तगलेल्या झाडाचे बी धरणारा विरळा.

एवढ्या लहान बागेचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जाईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. पाच माणसांस दोन किलो. दहा बाय सोळाची बाग मे महिन्यात ते पुरवील असे कोणीही सांगू नये. पण त्याच महिन्यात आठवडी बाजारात पालेभाजी महाग व शिळी होते आणि अनेक घरांत आठ-आठ दिवस डाळ, बटाटा व कांदा यांवर भागते. अशा वेळी रोज ओंजळभर तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला मिळणे, विशेषतः लहान मुलांस व गरोदर स्त्रियांस, हे श्रावणातील टोपलीभर दोडक्यांपेक्षा मोलाचे आहे. श्रावणात भाजी सर्वांकडेच असते.

म्हणून रोहिणी नक्षत्र लागताच, मृगाची वाट न पाहता, बागवानाने एक फेरी मारावी. शेवगा, कढीपत्ता व लिंबू उभे आहेत काय? न्हाणीच्या चरावर केळ आणि अळू हिरवे आहेत काय? कुटाराखालच्या दोन-तीन वाफ्यांत अजून काही खुडण्याजोगे आहे काय? जे जगले असेल त्याच्या कडेने पहिली आळी खणावयास घ्यावीत, आणि वेलाचे बी भिजत घालण्यापूर्वी न्हाणीतून रोज किती बादल्या पाणी निघते ते घरातील स्त्रियांना विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.