टाच कोणावर, पैसा कोणाला?

गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता गुन्हेगाराकडे राहू नये, हे समाजवाद्यांना नव्याने पटवून देण्याचे कारण नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. मात्र त्याच दुरुस्तीने ३०० अ हे कलम घातले : कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १०७ वे कलम या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहिले पाहिजे.

हे कलम सांगते की, मालमत्ता गुन्ह्यातून आली असे तपास अधिकाऱ्यास वाटल्यास त्याने पोलीस अधीक्षकांच्या संमतीने न्यायालयात जावे. न्यायालय चौदा दिवसांची नोटीस देईल आणि प्रसंगी एकतर्फी जप्तीही करील. मालमत्ता गुन्ह्याचीच ठरली, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याने साठ दिवसांत ती बाधितांना प्रमाणशीर वाटावी आणि उरलेली सरकारजमा व्हावी. त्यासाठी आरोपीला शिक्षा होण्याची अट नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याला या तरतुदीचे मोल कळते. वसमतच्या हळद उत्पादकाची किंवा सेनगावच्या शेतमजुराची बचत पतसंस्थेत बुडते, तेव्हा त्याचे लेकीचे लग्न आणि पुढचा हंगाम दोन्ही अडतात. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या प्रकरणात मराठवाड्यातील ठेवीदारांनी हेच भोगले. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९ चा आहे; त्यात जप्ती, सक्षम प्राधिकारी, विशेष न्यायालय सारे आहे. त्यातच सक्तवसुली संचालनालयाचीही टाच आली, की एकाच इमारतीवर दोन कुलुपे लागतात आणि ठेवीदार दोन्ही दारांबाहेर तिष्ठतो. भांडवलदाराची मालमत्ता गोठते. गरिबाची भाकर मात्र परतत नाही.

म्हणून साठ दिवसांची मुदत स्वागतार्ह आहे. पण हेच शस्त्र दुबळ्यावर कसे चालेल? वकील परवडत नाही अशा माणसाला चौदा दिवसांत आपल्या बैलजोडीचा किंवा पत्नीच्या डोरल्याचा हिशेब देता येईल काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांवर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पोलीस ठाण्याच्या मनातून तो गेलेला नाही. पैसा वाटून झाल्यावर आरोपी निर्दोष सुटला, तर त्याची भरपाई कोणी करायची, यावर हे कलम मौन पाळते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला प्रशासनास बजावावे लागले की, केवळ आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येत नाही. हा इशारा जप्तीलाही लागू पडतो.

मालमत्ता पवित्र नाही. न्यायाची रीत मात्र मोडता कामा नये. म्हणून पक्षाच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. जप्त मालमत्तेची यादी प्रत्येक तहसील कचेरीत लावावी. नोटीस मिळालेल्या गरिबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने त्याच आठवड्यात वकील द्यावा. निर्दोष ठरलेल्याच्या भरपाईची तरतूद कायद्यातच व्हावी. साथींनीही गावोगाव ठेवीदारांच्या पावत्या गोळा करून त्यांचे दावे वेळेत दाखल करावेत. संघटित ठेवीदार पाठीशी नसेल, तर उत्तम कायदाही कपाटातच राहतो.