आधी स्टँड लावा, मग कॅमेरा

जुलैमधला कुठलाही रविवार घ्या. पहाटे सहाला कात्रजला जमायचं, चेलाडी फाट्यावर चहा मारायचा आणि गाड्या भोर नाहीतर वेल्ह्याकडे वळवायच्या. तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हा बेत ठरलेलाच असणार. ठरायलाच हवा! नेकलेस पॉइंटवरून दिसणारं नीरेचं वळण, भाटघरच्या पाण्यावर उतरलेले ढग, वेल्ह्यात शिरताना समोर उभा राहणारा तोरणा... हे सगळं बघून फोन खिशातून बाहेर आला नाही तरच नवल.

फोन काढा की! फक्त गाडी थांबवून काढा.

'एका हाताने सहज जमतं' म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, म्हणजे फोन येणार डाव्या हातात. म्हणजे क्लच सुटला. वरंध घाट उतरताना गिअर खाली टाकायचा कसा? त्यात एका हाताने धरलेलं हँडल एका खड्ड्यात फिरतं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. फ्रेम जमली का हे बघण्यात तीन सेकंद गेले, तर ४० मीटर रस्ता तुम्ही न बघताच कापला. घाटातल्या कितीतरी वळणांवर तेवढं पुढचं दिसतही नाही.

आणि त्या ४० मीटरमध्ये कोण असतं? भातलावणीला निघालेल्या बायका असतात, शाळेला चालत जाणारी पोरं असतात, डेअरीला दूध घालायला निघालेला एखादा काका असतो, रस्त्यातच ठाण मांडून बसलेली म्हैस असते. आपला 'वीकेंड स्पॉट' हा त्यांचा रोजचा रस्ता आहे. आपल्या रीलसाठी त्यांनी का म्हणून जीव मुठीत धरून चालायचं?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं : 'आमचा ॲक्शन कॅमेरा हेल्मेटवर असतो, दोन्ही हात मोकळे!' हातांचा प्रश्न सुटला, मान्य. पण कॅमेरा चालू आहे म्हटल्यावर ॲक्सिलरेटर जरा जास्तच पिळला जातो, हे खरं की नाही? मे २०२३मध्ये डेहराडूनच्या एका लोकप्रिय यूट्यूबरचा यमुना एक्स्प्रेसवेवर मृत्यू झाला. बातम्यांनुसार, ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठण्याचा त्याचा प्रयत्न होता. तो रस्ता तर सरळ आणि रुंद होता. आपल्या घाटात शेवाळलेली वळणं आहेत आणि दरड कधी खाली येईल याचा नेम नाही.

कायदाही स्पष्ट आहे. गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४नुसार धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. पण दंडाची भीती कात्रजच्या सिग्नलपर्यंतच टिकते. केळदच्या, मढे घाटाच्या वाटेवर पोलीस नसतो. तिथे अपघात झाला तर मोठं हॉस्पिटलही जवळ नसतं, आणि १०८ला फोन लावायला रेंज मिळेलच असं नाही.

मग करायचं काय? कॅमेरा निघतानाच चालू करा आणि विसरून जा; एडिटिंग घरी होतंच. मागे बसलेल्याने शूट करायचं असेल तर एका हाताने घट्ट धरून बसावं, उलटं वळून नाही. थांबायचं तर वळण सोडून, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन. आणि ग्रुपमधला कुणी चालत्या गाडीवर फोन काढताना दिसला, तर हॉर्न वाजवा, थांबवा, चार शिव्या घाला. त्याच्या व्हिडिओला लाइक मात्र देऊ नका. तो पुढच्या रविवारी तेच करतो, ते आपल्या लाइकच्या जोरावर.

तोरणा काही पळून जात नाही. पाच मिनिटं थांबलात, तर कदाचित ढग बाजूला होऊन जास्त चांगला फोटो मिळेल.