रात्री किराणा भरणारे हात आणि चळवळीचं घड्याळ

आपल्या प्रत्येक वस्तीत वर्गणीची यादी असते, जयंती मंडळाची असते, मतदारयादी तर कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्येच असते. वस्तीतली किती मुलं रात्री कामावर जातात, याची यादी मात्र मी आजवर एकाही विहारात पाहिलेली नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथली कंपन्यांची रात्रपाळी आपल्याला नवी नाही. आपले बाप, काका, मामा तिच्यात राबले. त्या पाळीला निदान कंपनीची बस होती, कॅन्टीन होतं, काही ठिकाणी युनियनही होती. गेल्या काही वर्षांत छत्रपती संभाजीनगरात दुसरीच एक रात्रपाळी उभी राहिली आहे. ती किराण्याची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

मोठ्या दुकानांत शटर खाली गेल्यावर रॅक भरणारी मुलं या पाळीत येतात. मोबाइलवर ऑर्डर घेऊन काही मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामांत माल उचलणारी, बांधणारी, गाड्या खाली करणारी मुलंही येतात. या गोदामांना धंद्यात ‘डार्क स्टोअर’ म्हणतात, म्हणजे अंधारातलं दुकान. आत गिऱ्हाइकाला प्रवेश नाही. नाव ज्याने ठेवलं त्याने नकळत खरं बोलून ठेवलं आहे.

मी मुकुंदवाडी, मिलिंदनगर, भीमनगर या भागांत काम करतो, त्यामुळे या मुलांशी बोलणं होतं. नावं देत नाही, कारण त्यांची रोजी जाईल. बहुतेक जण बी.ए., बी.कॉम. झालेले किंवा अर्धवट सुटलेले. निम्मे पोलीस भरतीच्या तयारीत. रात्री दहाच्या आत पोहोचायचं, फोन लॉकरमध्ये ठेवायचा, हातात स्कॅनर घ्यायचा. स्क्रीनवर ऑर्डर पडली की सेकंद मोजायला सुरुवात होते. पोहे चौथ्या रॅकवर, दूध फ्रिजमध्ये, आइस्क्रीम आणि वाटाणे थंड खोलीत. थंड खोलीत जायला एकच जाकीट असतं आणि ते आधीच दुसऱ्याच्या अंगावर असतं. बारा-साडेबारापर्यंत वेफर्स, कोल्ड्रिंक, लहान मुलांचे डायपर. मग ऑर्डरी विरळ होतात आणि मालाची गाडी येते. दहा-दहा किलोच्या आट्याच्या पिशव्या, तेलाचे खोके, साखर उतरवायची. खोक्यांवरच्या तारखा बघायच्या, जुनी तारीख पुढे, नवी मागे. पहाटे दूध-ब्रेड. सकाळी सात वाजता सुटका. पण तेव्हा त्या वाटेला शेअर रिक्षा मिळेलच असं नाही. घरी येऊन पत्र्याच्या खोलीत झोपायचं, तेव्हा गल्ली नुकती जागी झालेली असते. एका मुलाची आई दारात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘हळू बोला’ म्हणते. तिचा दिवस मुलाच्या झोपेची राखण करण्यात जातो. हे काम कुठल्याच पगारपत्रकात नाही.

रात्रपाळी शरीराला काय करते हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण दाखला हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आहे.

आता या मुलांचं म्हणणं काय आहे ते बघू. मला वाद घालायचा आहे तो तिथेच.

पहिल्यांदा ऐकताना मी चमकलो, इतक्या जणांनी तेच सांगितलं: रात्रीचं काम बरं. दिवसा दुकानात सेठ आडनाव विचारतो, कुठल्या भागातला ते विचारतो. इथे स्कॅनर फक्त आयडी नंबर विचारतो. रात्री जात नसते, असं एकजण म्हणाला. त्याची गंमत करावी असं हे वाक्य नाही. ज्याने मोंढ्यातल्या दुकानात काम मागताना आडनाव सांगितल्यावर चेहरा बदललेला पाहिला आहे, त्याला नंबराची सुटका वाटणारच.

पण मित्रहो, जात दिसत नाही म्हणजे जात गेली असं नाही. इथे फक्त आपण दिसेनासे झालो आहोत. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण आठवा. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि त्याला थुंकी लागायची. सूत चालायचं, थुंकी चालायची नाही. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा मज्जाव पुढे आणला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना तो मुद्दा आडवा वाटला होता. किराण्यात तर प्रश्न थेट चुलीचा आहे. ज्या घरात कालपर्यंत आपल्या आजीला पाणी वरून वाढलं जायचं, त्या घरातला तांदूळ, डाळ, तूप आज आपल्या पोराच्या हाताने पिशवीत जातं. हा बदल मला छोटा वाटत नाही. पण तो ज्या अटीवर झाला ती अटही बघा: हात दिसता कामा नये. माल पोहोचवणाऱ्या रायडरचं नाव ऍपवर निदान दिसतं. माल उचलणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. आणि सकाळी तोच मुलगा सिडकोत किंवा गारखेड्यात भाड्याची खोली बघायला गेला की आडनाव परत विचारलं जातंच. दिवस उजाडला की जात हजर.

दुसरं मत: हे काम तात्पुरतं आहे. भरतीत लागेपर्यंत. यावर माझा खरा राग आहे, पण तो मुलांवर नाही. ‘तात्पुरतं’ हा शब्द मालकाला सोयीचा आहे. तात्पुरत्या माणसाला युनियन कशाला, पावती कशाला? तो स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही, ओळखपत्रावर ‘असोसिएट’ लिहिलेलं असतं. सरकारी जागा निघत नाहीत, निघाल्या तर कंत्राटावर, आणि कंत्राटात आरक्षण कागदावरच. असा तात्पुरता काळ चार-पाच वर्षं चालतो, भरतीचं वय निघून जातं.

आता कायद्याकडे या. मोंढ्यात पोतं उचलणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना बांधलं, त्या लढ्यांच्या जोरावर मंडळं उभी राहिली, मजुरी मंडळात जमा होऊ लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत किराणा बाजार आणि दुकानांतला माल चढवणं, उतरवणं, रचणं, वाहून नेणं हे काम लिहिलेलं आहे. जाधववाडीच्या बाजारात दिवसा पोतं उतरवणारा हमाल आणि जालना रोडच्या आतल्या गल्लीत रात्री दोन वाजता तोच आटा, तेच तेल उतरवणारा आपला मुलगा यांच्या कामात फरक काय? फरक एवढाच की एकाच्या मागे संघटना उभी राहिली. दुसऱ्याच्या मागे एजन्सी आहे. गोदाम कंपनीचं, मुलगा एजन्सीचा, आणि तक्रार केली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

कामाच्या तासांचं तर विचारूच नका. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली, पण त्याच कायद्यात (2017 मध्ये) दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी हेही आहे. महिलांना रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षित वाहतूक हवी, हेही आहे. 1 ऑक्टोबर 2025 ला शासनाने पुन्हा स्पष्ट केलं की दारूची दुकानं, बार वगैरे वगळता बाकीची दुकानं चोवीस तास चालू शकतात. व्यापाऱ्यांना हा अर्धा भाग लगेच समजला. त्याआधी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दुसरं काहीतरी मान्य केलं होतं, त्यावर आपल्याकडे एक मोर्चा निघाला नाही: दुकानांत दिवसाचे 9 तासांचे 10 करायचे, तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा 125 तासांवरून 144 वर न्यायची, आणि कायदा 10 ऐवजी 20 कामगारांच्या आस्थापनांपासून लागू करायचा. दहा-पंधरा मुलांवर चालणारं गोदाम असेल तर ते कुठे जाईल याचा हिशेब करा.

व्हॉट्सअॅपवर दरवर्षी एक पोस्ट फिरते की बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. आपण ती अभिमानाने पुढे ढकलतो. नेमकं काय झालं ते त्याहून उपयोगाचं आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी 1946 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. सहा तास. त्या सहा तासांसाठी विधेयक, मालकांचा विरोध, सगळं सोसावं लागलं. हा आकडा पाठ असेल तर दिवसाचे नऊचे दहा होताना माणूस दचकतो. आणि आठवड्याची सुट्टी? ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी 1890 मध्ये झगडून मिळवली. आमच्या ओळखीच्या मुलांपैकी कित्येकांना सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जातो.

जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी सांगितल्यावर ब्लिंकिटने ‘दहा मिनिटांत’ ही जाहिरात मागे घेतली. चांगलं झालं. पण त्या सगळ्या चर्चेत रस्त्यावरचा रायडर होता. रॅकमधून धावणारा मुलगा कुणाच्या तोंडी आला नाही. जून 2025 मध्ये धारावीतल्या झेप्टोच्या गोदामाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाने निलंबित केला तो मालाच्या अस्वच्छतेवरून. बुरशी आलेला माल तपासायला निरीक्षक येतो. जागून आलेला माणूस तपासायला कोण येतं?

तिसरं मत आपल्याबद्दल आहे. मुलं म्हणतात, तुमचे कार्यक्रम आम्हाला जमत नाहीत. यात टोमणा आहे आणि तो बरोबर आहे. आपली व्याख्यानं संध्याकाळी सातला सुरू होतात (म्हणजे साडेआठला), अभ्यासिका रात्री उघडी, वंदना रविवारी दहाला. सातला निघालेलं पोरगं दहाला गाढ झोपेत असतं. मग आपणच म्हणतो, आजची पिढी चळवळीत येत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण शिकणारा माणूस दिवसा राबत होता. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा बाबासाहेबांनी नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आधी राबणाऱ्या माणसाचं घड्याळ बघितलं, मग आपलं लावलं. आपण मात्र 14 एप्रिलच्या मिरवणुकीला रात्री बारापर्यंत डीजे लावतो आणि त्याच वेळी वस्तीतली वीस-पंचवीस पोरं निळे फेटे सोडून गोदामात उभी असतात. रजा मागितली तर बदली माणूस तयार असतो.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर बाबासाहेब बोलले. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू, असं त्यांनी तिथे सांगितलं. मनमाड आपल्यापासून किती लांब आहे? रेल्वेने दोन-अडीच तास. आपण मात्र यातल्या पहिल्या शत्रूवर दिवसभर फेसबुकवर लिहितो आणि दुसऱ्याच्या दारात रात्री आपलीच मुलं एकटी सोडतो. कुणी म्हणेल, हे काम डाव्यांचं, युनियनवाल्यांचं. त्यांनी करावं, अडवलंय कुणी? पण ते आपल्या वस्तीत राहत नाहीत. कुठल्या घरात दिवसा कोण झोपलंय हे आपल्याला ठाऊक असतं.

करायचं काय, तर सुरुवात कागदापासून. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे श्रमसंहिता कायदे लागू झाले. त्यांच्याबद्दल माझे अनेक आक्षेप आहेत, पण प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं त्यात बंधनकारक आहे. ते मागा. पगाराची पावती मागा. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन नंबर आहे का आणि त्यात पैसे खरंच जमा होतात का, हे मोबाइलवर बघता येतं. 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयचं कार्ड मिळायला हवं. एकट्याने मागू नका, एका पाळीतले चार-पाच जण मिळून मागा. एजन्सीचं नाव, गोदामाचा पत्ता, कामगारांची संख्या वहीत लिहून ठेवा, कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज करताना हेच विचारतात.

मुकुंदवाडीत आम्ही काही जणांनी रविवारची वेळ सकाळी साडेसात धरली आहे. मुलं कामावरून थेट येतात, चहा-पोहे होतात, मग पावत्या उघडतो आणि कुणाचे किती तास लिहिले, किती कापले ते बघतो. दोघं-तिघं बसल्याबसल्या झोपतात. त्यांना आम्ही उठवत नाही, पावती तेवढी काढून घेतो.